वाचक विचारतात : रायफलची नळी बसवायला एवढा वेळ का लागतो?

प्रश्न : मी इचलकरंजीत वीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, आहे. माझा मेव्हणा टेक्सासला असतो, त्याला टार्गेट शूटिंगचा नाद आहे. त्याने त्याच्या रेमिंग्टन ७०० रायफलला नवीन नळी बसवून घेतली, तर तिथल्या कारागिराने काही महिने लावले आणि मजुरीही भरपूर घेतली. मला फोटो पाठवले त्याने. मागच्या बाजूला आटे आहेत, एक शोल्डर, म्हणजे टेकायची पायरी, आहे, बास. हे तर अर्ध्या दिवसाचं काम आहे, मग एवढं काय असतं त्यात?

उत्तर : तुम्ही स्वतः टर्नर आहात म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आटे पाडायचं काम अर्ध्या दिवसाचंच आहे, तुमचा अंदाज बरोबर आहे. रेमिंग्टन ७०० चा आटा १ पूर्णांक १/१६ इंच व्यासाचा आणि इंचाला १६ फेऱ्यांचा, तो तुम्ही डोळे झाकून पाडाल. वेळ जातो तो त्याच्या आधी, जॉब, म्हणजे कापायची वस्तू, मशीनवर बांधताना.

नळी कशी बनते बघा. साधारण २६ इंच म्हणजे ६६० मिमी लांब बार घेतात आणि त्यात लांब ड्रिलने आरपार भोक पाडतात, आणि एवढ्या लांब भोकात ड्रिल थोडं तरी सरकतंच, कितीही चांगली मशीन असू दे. मग दोन्ही टोकांच्या भोकावर सेंटर, म्हणजे टोकदार आधार, लावून बाहेरून टर्न करतात. त्यामुळे टोकाला भोक मधोमध दिसतं पण आत ते हलकंसं वाकलेलं असतं, म्हणजे मागच्या टोकाशी भोकाची दिशा आणि बाहेरच्या अंगाची दिशा एक नसते. आता अशी नळी बाहेरून थ्री जॉ चकमध्ये, म्हणजे तीन जबडे एकदम आवळणाऱ्या पकडीत, धरली तर काय होणार? चकचाच आउट, म्हणजे फिरतानाचा हेलकावा, पाच-दहा शतांश मिमी असतो, त्यात ही दिशेची चूक मिळाली, आणि तुम्ही पाडलेले आटे बाहेरच्या अंगाला बरोबर असतील पण भोकाला नसतील. गोळी तर भोकातूनच जाणार आहे!

म्हणून तिथले चांगले कारागीर नळी हेडस्टॉकच्या स्पिंडलमधून, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या पोकळ दांड्यातून, आरपार घालतात, पुढे चारही जबडे वेगवेगळे हलणारा फोर जॉ चक आणि स्पिंडलच्या मागच्या टोकाला चार बोल्टची रिंग असते, तिला ते स्पायडर म्हणतात. मग लांब टोकाचा डायल, म्हणजे हेलकावा दाखवणारं सुईचं मापक, थेट भोकात घालायचा, एकदा तोंडाजवळ आणि एकदा आत दोन-तीन इंचावर, आणि दोन्हीकडे सुई थांबेपर्यंत पुढचे जॉ आणि मागचे बोल्ट आळीपाळीने हलवत राहायचं. पुढचं जमवलं की मागचं बिघडतं, मागचं जमवलं की पुढचं. ५ मायक्रॉनच्या आत आणेपर्यंत हे चालतं, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो हे लक्षात घ्या. ह्या कामाचे पैसे आहेत ते, आट्याचे नाहीत.

मला ही गोष्ट फार जवळून कळलीय म्हणून एवढं लिहितोय. पहिल्याच नोकरीत मी सिलेंडर ट्यूबचे पंचवीस नग बाहेरच्या व्यासावर थ्री जॉमध्ये धरून आटे पाडले होते, प्रत्येक नगाला गो गेज (जायलाच हवा तो) जात होता, नो-गो (अडायलाच हवा तो) अडत होता, इन्स्पेक्शनला एकही रिजेक्ट नाही. असेंब्लीत गेल्यावर रॉड एका बाजूला घासायला लागला आणि सगळे नग परत. माप बरोबर होतं पण कशापासून घेतलं तेच चुकलं होतं, आणि ती चूक गेजला दिसतच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रायफलमध्ये ही चूक जास्त महागात जाते, कारण गोळी फिरते. दहा इंचात एक फेरा घेणारी रायफलिंग, म्हणजे भोकातल्या पिळाच्या खाचा, असेल आणि गोळी सेकंदाला २७०० फूट वेगाने सुटली तर हिशोब करून बघा, सेकंदाला ३२४० फेरे, मिनिटाला जवळजवळ १ लाख ९४ हजार! काडतूस बसायची जागा, म्हणजे चेंबर, भोकाच्या रेषेत नसेल तर गोळी तिरकी आत शिरते आणि तशीच दाबली जाते, मग तिचं वजन मधोमध राहत नाही, आणि एवढ्या फेऱ्यांवर तो जरासा असमतोल तिला नळीबाहेर पडताच बाजूला फेकतो. म्हणून चेंबर कापणाऱ्या रीमरला पुढे पायलट, म्हणजे वाट दाखवणारं गोल टोक, असतो, तो भोकात जेमतेम जाईल एवढा, आणि बरेच जण रीमर टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारात, घट्ट न बांधता थोडा मोकळा ठेवतात म्हणजे तो टेलस्टॉकचं न ऐकता भोकाचं ऐकेल.

चेंबरच्या खोलीचंही तसंच. .३०८ विंचेस्टर काडतुसाचा गो गेज १.६३० इंचाचा आणि नो-गो १.६३४ चा, मध्ये फक्त चार थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे ०.१ मिमी. चेंबर जास्त खोल गेलं तर काडतुसाला मागे टेकू कमी मिळतो, ते ताणलं जातं, फाटूही शकतं, आणि ते शूटरच्या तोंडापाशी असतं. सॅव्हेज ह्या दुसऱ्या कंपनीच्या रायफलींवर नळीला एक मोठा नट असतो, तिथे गेज घालून नळी फिरवत खोली जुळवायची आणि नट आवळायचा. रेमिंग्टनवर मात्र शोल्डर टेकतो तिथेच नळी थांबते, म्हणून शोल्डर आणि चेंबर पहिल्याच वेळी बरोबर यावं लागतं, जास्त खोल गेलं तर शोल्डर मागे घ्यायचा आणि पुन्हा सुरू. मेव्हण्याला सांगा, कारागिराने महागात नाही पाडलं.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथचा लीड स्क्रू, म्हणजे टूल पुढे नेणारा लांब स्क्रू, मेट्रिक आहे, पण एका जुन्या इंपोर्टेड पंपासाठी इंचाला १६ चे आटे पाडायचेत. दुसऱ्या पासला, म्हणजे दुसऱ्या कापाला, टूल आट्याच्या बाजूलाच चालतंय, जॉब खराब झाला. लीड स्क्रू घासला असेल का?

उत्तर : लीड स्क्रू नका बदलू एवढ्यात. मला वाटतं तुम्ही प्रत्येक पासनंतर हाफ नट, म्हणजे टूलला लीड स्क्रूशी जोडणारा नट, उघडताय. मेट्रिक स्क्रूवर इंचाचा आटा पाडताना पहिल्या पासपासून शेवटपर्यंत हाफ नट बंदच ठेवायचा, टूल बाहेर काढून घ्यायचं, मशीन उलटी फिरवून मागे यायचं आणि मग पुढचा काप. १६ च्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५८७५ मिमी होतो, तो तुमच्या स्क्रूच्या पिचशी सरळ भागत नाही, म्हणून हाफ नट पुन्हा लावल्यावर टूल जुन्याच घळीत येईल ह्याची खात्री नाही.

दुसरं, लीड स्क्रूचा वेग ठरवणारा १२७ दात्यांचा चेंज गिअर लावलाय का ते बघा. इंच म्हणजे २५.४ मिमी, पाचपट केलं की १२७, आणि १२७ ला दुसऱ्या कशानेच भाग जात नाही म्हणून अचूक रूपांतराला तोच गिअर लागतो. जवळपासच्या दुसऱ्या गिअरवर काम भागतं असं सांगणारे भेटतील, छोट्या नटापुरतं भागतंही, पण लांब आट्यावर चूक साठत जाते आणि नट अर्ध्यात जाम होतो.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातला, आयटीआयला टर्नर ट्रेडला आहे. स्वप्निल कुसाळे आमच्या तालुक्यातले. त्यांनी पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हापासून मला रायफलीच्या कामाचं वेड लागलंय. घरी लेथ आहे, नळीचं काम सुरू करू शकतो का?

उत्तर : नाही, बाळा, आणि हे मी अगदी स्पष्ट सांगतोय. अमेरिकेत स्वतःच्या रायफलीची नळी बदलणं वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक बनवायलाच नाही तर दुरुस्तीलाही लायसन्स लागतं, सुटे भागही त्यात येतात, आणि विनापरवाना बनवण्याची शिक्षा फार मोठी आहे. मित्राची एअरगन आहे, जुनी ठासणीची आहे, असं म्हणून कोणी नळी घेऊन आलं तरी हात लावू नकोस. ह्या क्षेत्रात यायचंच असेल तर लायसन्स असलेल्या जागी नोकरी धर.

पण तुझं वेड मला कळतं. त्या ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिमीचं असतं, आणि ५.६ मिमीची गोळी तिथे पुन्हा पुन्हा जाते, त्यात शूटरची वर्षानुवर्षांची मेहनत असते आणि लेथवरच्या कोणाचा तरी हातही असतो. तो हात तुला घरीच तयार करता येईल. जाड भिंतीचा, फूटभर लांबीचा हायड्रॉलिक पाइप घे, फोर जॉमध्ये बांध आणि बाहेरून नाही, आतल्या भोकाला डायल लावून जुळव. आधी सुईचा हेलकावा पाच शतांश मिमीत आण, मग दोनात, मग एकात. समोरासमोरचे दोन जॉ एकावेळी, एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नको. पहिल्या दिवशी तास जाईल. दहा मिनिटांत जमायला लागलं की मला परत लिही, पुढचं सांगतो.