विनाइल घ्यायचं की कंट्रोलर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डीजेइंगबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर भरपूर आले, आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, रेकॉर्ड (विनाइल म्हणतात ती हीच) की डिजिटल, म्हणजे कंट्रोलर, लॅपटॉपला जोडून त्यातली गाणी वाजवायची पेटी. म्हणून या वेळी तेवढंच घेतेय, बाकीचे पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: ताई, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. माळ्यावर आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा प्लेयर सापडला, चालू आहे, सोबत पेटीभर रेकॉर्ड्स पण आहेत. मला डीजेइंग शिकायचंय. मित्र म्हणतात सरळ कंट्रोलर घे, पण मला वाटतं विनाइलवर शिकलं तरच खरं शिकलं. याच प्लेयरवर सुरुवात करू का?

त्या प्लेयरवर गाणी ऐक, आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवून ऐक, पण डीजेइंग त्यावर अजिबात नको रे. अशा पोर्टेबल प्लेयरची मोटर एवढुशी असते, रेकॉर्डवर बोट ठेवलं की खालची थाळीच थांबते. सुईचं वजन जास्त, त्यामुळे रेकॉर्ड मागेपुढे केलीस तर खाचा खरवडल्या जातील आणि त्या परत भरून येत नाहीत. शिवाय स्पीड हळूहळू कमीजास्त करायला त्यावर काहीच नाही.

डीजेचा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर, मुळातच वेगळा असतो. टेक्निक्सचं एसएल-1200 मॉडेल 1972 मध्ये आलं ते घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठीच, पण त्यात मोटर थेट थाळीच्या खाली होती, मधे पट्टा नाही, त्यामुळे हात काढला की थाळी लगेच पूर्ण वेगात. मग 1979 मध्ये एमके 2 आलं, त्यात पिचची, म्हणजे वेग कमीजास्त करायची सरकपट्टी, आठ टक्के वर आणि आठ टक्के खाली, आणि डीजे लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्यावर काम कसं चालतं बघ. थाळीवर फेल्टची पातळ गुळगुळीत स्लिपमॅट असते, तिच्यावर रेकॉर्ड. थाळी खाली फिरतच राहते आणि तू रेकॉर्ड दोन बोटांनी अलगद धरून ठेवलेली असतेस, हेडफोनमध्ये पहिला ठोका कुठे आहे ते पुढेमागे करून शोधतोस, आणि दुसऱ्या टर्नटेबलवर चालू असलेल्या गाण्याची सम आली की बोटं सोडतोस. डीजे कूल हर्क न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1973 च्या सुमारास एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड्स दोन टर्नटेबलवर लावून फक्त ढोलताशाचा, म्हणजे ड्रम्सचा तुकडा लांबवत न्यायचा, नाचणाऱ्या पोरांना तोच तुकडा हवा असायचा ना. नंतर ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने रेकॉर्डवर क्रेयॉनने खुणा करायला सुरुवात केली म्हणजे तो तुकडा नजरेने सापडावा. आज स्क्रीनवर आपण हॉट क्यू म्हणून जे रंगीत बटण दाबतो ती हीच खूण.

आता तुझा खरा प्रश्न. कंट्रोलर घे. चांगला बिगिनर कंट्रोलर साधारण 25-30 हजारात येतो, दोन नवीन टर्नटेबल, दोन्हींचा आवाज एकत्र करणारा मिक्सर, सुईचं कार्ट्रिज धरलं तर लाखाच्या बरंच वर जातं, आणि त्यानंतर रेकॉर्ड्स! नवीन एक रेकॉर्ड दोनेक हजाराला, त्यात तुला हवं ते गाणं एक. शिकायच्या काळात शेकडो गाणी हाताखालून जायला हवीत, ती रेकॉर्डवर कोण विद्यार्थी घेणार? विनाइलवरच खरं शिकता येतं हे मला पटत नाही. विनाइलवर तुला कान वापरावाच लागतो कारण बघायला काही नसतं, एवढाच फरक आहे, आणि तो कंट्रोलरवर पण आणता येतो. लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॉवेल टाक, सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) बंद कर, आणि बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके) आकडा न बघता दोन गाणी जुळव. पहिले काही दिवस वैताग येईल, येऊ दे.

आणि हो, पेटीतल्या रेकॉर्ड्स आधी वेगळ्या कर. जड, कडक, पडली तर फुटणाऱ्या असतील त्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या. त्यांना सुई वेगळी लागते, एलपीची चालत नाही, आणि त्या कधीही स्पिरिटने पुसू नकोस, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सगळ्या उभ्या ठेव, एकावर एक आडव्या रचल्या तर वाकतात.

प्रश्न: मी ठाण्याची, हळदी-संगीतला वाजवते, दोन वर्षं झाली. सिंक बटण वापरते म्हणून सिनिअर डीजे मला डीजेच समजत नाहीत. सिंक म्हणजे खरंच चीटिंग का?

नाही गं. पण सिंक शिवाय जमत नसेल तर अडचण आहे, आणि तुझ्या कामात तर जास्तच, का ते सांगते.

125 बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमधे 480 मिलिसेकंद असतात. दुसरं गाणं 125.1 वर असलं, फक्त पॉइंट एकचा फरक, तरी एका मिनिटात ठोके 48 मिलिसेकंदांनी सरकतात, म्हणजे एका ठोक्याऐवजी दोन टापा पडल्यासारखं ऐकू यायला लागतं. रेकॉर्डवाला डीजे हे सतत कानाने पकडतो आणि थाळीच्या कडेला बोट टेकवून किंवा रेकॉर्ड किंचित ढकलून सावरतो. सिंक हे सावरायचं काम स्वतः करतं, झकास करतं, आणि तेवढा वेळ तुला पब्लिककडे बघायला मिळतो, त्यात लाजायचं काय?

मात्र सिंक चालतं ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांच्या सारख्या अंतराच्या रेषा आखतं त्यावर, आणि ग्रिड बरोबर बसतो ते कॉम्प्युटरवर क्लिक (एकसारखी टिकटिक) लावून बनवलेल्या गाण्यांना. तू हळदीला काय वाजवतेस? जुनी हिंदी गाणी, लावण्या, कोळीगीतं. सत्तरच्या दशकातलं गाणं म्हणजे स्टुडिओत बसलेले साठ वादक आणि जिवंत ठेका, अंतऱ्याला जरा पुढे पळतो, मुखड्याला मागे येतो. सॉफ्टवेअर त्याला एकच बीपीएम चिकटवतं आणि दुसऱ्या कडव्यात ग्रिड कुठल्या कुठे. सहा मात्रांच्या ठेक्यात तर अजून गोंधळ, ते त्याला चाराचं समजतं आणि टेम्पो भलताच दाखवतं. काही सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या वेगाप्रमाणे ग्रिड आखणारं डायनॅमिक अ‍ॅनालिसिस असतं ते चालू कर, बरंच सुधारतं, तरी ढोलकीच्या गाण्याला सम हाताने लावलेलीच बरी. म्हणून सांगते, क्लिकवर बनलेलं हाउस-टेक्नो वाजवणाऱ्या सिनिअर्सपेक्षा तुला कानाची गरज जास्त आहे. त्यांनी नावं ठेवली म्हणून नको शिकू, लावणीवरून पुढच्या गाण्यात जाताना नाचणाऱ्या बायका थबकू नयेत म्हणून शिक.

प्रश्न: मी म्हापशाचा. आमच्याकडे जुने लोक सांगतात की हणजुण्याच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत रेकॉर्ड्स नव्हत्याच, कॅसेटवर चालायचं. तेव्हा तर जगभर विनाइल होतं ना?

जुने लोक बरोबर सांगतात. युरोपातून बारा इंची रेकॉर्ड्सची पेटी गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आणायची म्हणजे वजन किती, आणि आणल्यावर ऊन, वाळू, दमट हवा. विनाइल उन्हात वाकतं, एकदा वाकलं की सुई त्यावर उड्या मारते. मग तिथे वाजवणाऱ्या डीजेंनी निवडक संगीत कॅसेटवर उतरवून आणलं, दोन वॉकमन आणि एक मिक्सर, आणि पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डॅट, म्हणजे डिजिटल टेपची छोटी कॅसेट, आल्यावर डॅटवर. तिथला डीजे गोवा गिल, जो 2023 मध्ये वारला, तो तर सगळे यूएसबी पेनड्राइव्हवर गेल्यावरही डॅटच वाजवत राहिला.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की डॅटवर पिच बदलता येत नाही, म्हणजे ठोक्याला ठोका जुळवून मिक्स करायचा प्रश्नच मिटला. मग एक गाणं विरत जाताना दुसरं हळूच आत आणायचं, त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेला लांब तरंगता तुकडा सोयीचा. गोवा ट्रान्सच्या, म्हणजे याच पार्ट्यांतून घडलेल्या नाचाच्या संगीताच्या, गाण्यांची सुरुवात तशी निवांत का असते त्याचं एक कारण हे. टेप कुठली मिळाली यावरून अख्ख्या संगीताची घडण ठरली, आणि तीही आपल्या किनाऱ्यावर, हे मला फार भारी वाटतं. त्यामुळे विनाइल नाही तर डीजे नाही असं कोणी म्हटलं की त्याला खुशाल हणजुण्याचं सांगा.

प्रश्न: पुण्यातून लिहितोय. माझ्याकडे दोन चांगले टर्नटेबल आहेत. टाइमकोड विनाइलबद्दल ऐकलंय, घ्यावं का? आणि क्लबमध्ये माझे टर्नटेबल नेले की बास वाढवल्यावर घूंऽऽ असा आवाज येतो, तो का?

घ्या की. टाइमकोडच्या रेकॉर्डवर गाणं नसतं, एक सिग्नल असतो, सुई तो वाचते आणि रेकॉर्ड कुठे आहे, किती वेगात, कुठल्या दिशेने फिरतेय हे सॉफ्टवेअरला कळतं, त्याप्रमाणे लॅपटॉपमधली फाइल हलते. फायनल स्क्रॅच हे असं सॉफ्टवेअर 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, सेराटो स्क्रॅच लाइव्ह 2004 मध्ये, आणि स्क्रॅच करणाऱ्यांची, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढेमागे घासून आवाज काढणाऱ्यांची, खांद्यावरची ओझी उतरली. हाताला रेकॉर्डच लागते आणि गाणी हवी तेवढी. सुई मात्र स्वच्छ ठेवा, तिच्यावर धुळीचा गोळा बसला की गाणं मधेच अडखळतं.

घूंऽऽ म्हणजे फीडबॅक. स्पीकरचा बास टेबलातून थाळीत, थाळीतून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू होतं. यूएसबीवाल्याला हा त्रास नसतो. टर्नटेबल सबवूफरच्या स्टेजवर ठेवू नका, टेबल वेगळं आणि जड घ्या, टर्नटेबलखाली फरशीचा जाड तुकडा आणि त्या फरशीखाली रबराचे पॅड किंवा स्क्वॉशचे बॉल अर्धे कापून ठेवा. एवढं करूनही राहिलाच तर मिक्सरवर त्या चॅनेलचा लो थोडा कमी करा. आणि ग्राउंडची बारीक वायर मिक्सरला लावलीय ना ते आधी बघा, ती सुटली असेल तर बास न वाढवताही सारखी गुणगुण येत राहते.