सोसायटीत भरपूर पाणी येतं. मुंबईत ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी काय करता येईल? बाटल्यांचे बॉक्स वाटले तर?

बाटल्या वाटू नका. प्यायचं पाणी वस्तीतली माणसं कसंही करून मिळवतात. कमी पडतं ते आंघोळीला, भांड्यांना, संडासाला, आजारी माणसाची चादर धुवायला. लिटरभर बाटलीत यातलं काय होणार?

मी घाटकोपरच्या बाजूला मोठ्या पाइपलाइनच्या कडेला वाढले. शहराचं पाणी आमच्या भिंतीपासून हातभर अंतरावरून जायचं आणि घरात नळ नव्हता. मे महिन्यात आम्ही पोरं त्या पाइपाला पाठ लावून बसायचो, गार वाटायचं. पाणी विकत घ्यायचो गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एकाकडून. त्याच्याकडे कनेक्शन होतं, मोटर होती. रात्री दीड-दोनला तो गटारावरून नळी सोडायचा. २०० लिटरच्या ड्रमला २० रुपये. आई दिवसभर धुणीभांडी करून आलेली असायची, म्हणून उठायचं मी. भावाची दहावी होती. माझी दहावी आली तेव्हाही उठायचं मीच. नळी आधी गढूळ ओकायची. ते पाणी संडासाला, मग धुण्याचं, मग कळशीच्या तोंडाला फडकं बांधून प्यायचं. क्रम चुकला की आईची बोलणी, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांची वेगळी.

आता माझे मोठे दीर. मुलुंडला टॉवरमध्ये राहतात. गणपतीत जेवणं आटोपली की त्यांचा ठरलेला विषय: आम्ही टॅक्स भरायचा आणि झोपडपट्टीवाल्यांनी फुकट पाणी ढापायचं. भाऊजी, वाचत असाल तर हिशोब घ्या. २० रुपयांना २०० लिटर म्हणजे हजार लिटरला १०० रुपये. तेव्हा तुमच्या बिल्डिंगला पालिकेचं तेवढंच पाणी १० रुपयांच्या आत पडत होतं. फुकट कोण पीत होतं? शिवाय पालिकेचं गणितच वर्षानुवर्षं असं, की इमारतीत माणशी रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५.

त्यांचा दुसरा मुद्दा, बेकायदा वस्तीला पाणी द्यायचंच कशाला. त्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच लावलाय. पाणी हक्क समितीची याचिका होती. झोपडं बेकायदा असलं तरी आत राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क जात नाही, कारण तो घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो, असं कोर्टाने सांगितलं. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणही आणलं.

तरी नळ आपोआप येत नाही. अर्ज, ओळखीची कागदपत्रं, शेजाऱ्यांना एकत्र करून ग्रुप कनेक्शन, प्लंबर, हेलपाटे. रोजंदारीवरच्या बाईचा एक हेलपाटा म्हणजे एक खाडा. मदत करायचीच तर इथे करा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना विचारा, घरी नळ आहे का, अर्ज कुठे अडलाय. तो लिहून द्या, सोबत जा. शर्टपँटमधला माणूस शेजारी उभा असला की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो. चीड येते, पण वापरून घ्या. आणि तोवर ताईंना जाताना दोन कॅन भरून नेऊ द्या. आमच्या सोसायटीत यावर मीटिंग झाली होती म्हणे, ‘प्रथा पडेल’ म्हणून. पडू दे की!

जमीन रेल्वेची किंवा वनखात्याची असेल तर ना-हरकतीचं लफडं वेगळं, तिथे एकट्यादुकट्याने काही होत नाही. या कामात मुरलेल्या संघटनेला गाठा. टँकरचे पैसे भरू नका असं मी म्हणत नाही, कडक उन्हाळ्यात तेही लागतं. पण टँकर रिकामा झाला की तुम्हीही घरी जाता.

हो, आणि ‘मुंबईतच’ का? भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात. आपलं बरंचसं पाणी तिथून येतं आणि त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे सांगितलं की भाऊजी विचारतात, मग मी काय नळ बंद ठेवू? नळ चालू ठेवा. गाडी पाइप लावून धुता ते बंद करा, एका बादलीत धुऊन होते.