वाचक विचारतात : आयर्न मेडनचं मागे राहिलेलं 'अलेक्झांडर द ग्रेट'

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की जुन्या हेवी मेटलमधलं, फारसं कुणी न ऐकलेलं तुमचं लाडकं गाणं कळवा. पत्रं बरीच आली आणि त्यात आयर्न मेडन या इंग्लिश बँडचं, सिकंदरावरचं 'अलेक्झांडर द ग्रेट' पुन्हा पुन्हा दिसलं, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : मेडन म्हटलं की सगळे 'द ट्रूपर' नाहीतर 'फिअर ऑफ द डार्क'वर येऊन थांबतात. मला 'अलेक्झांडर' सगळ्यात जास्त आवडतं तर मित्र म्हणतात ते अल्बमची जागा भरायला टाकलेलं गाणं आहे, शब्द तर इतिहासाच्या गाईडमधून उचलल्यासारखे. खरंच असं आहे का? (ठाणे)

शब्दांबद्दल तुमचे मित्र थोडे बरोबर आहेत हो. अमुक साली अमुक लढाई, मग तमुक शहर, असंच चाललंय त्यात. पण जागा भरायला? अजिबात नाही. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'चं हे शेवटचं गाणं, बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिसने लिहिलेलं, साडेआठ मिनिटांहून जरा मोठं, आणि मेडन आपल्या अल्बमच्या शेवटी काय ठेवतात हे त्यांच्या आधीच्या एका अल्बमचं शेवटचं गाणं 'हॅलोड बी दाय नेम' ऐकलेल्याला वेगळं सांगायला नको.

सुरुवात नीट ऐका. आधी वारा. मग बाप फिलिप मुलाला सांगतो की बाळा, दुसरं राज्य शोध, माझं तुला पुरायचं नाही (हे प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलेल्या चरित्रातलं आहे, छोटा अलेक्झांडर घोडा काबूत आणतो त्या प्रसंगातलं). मग ड्रमर निको मॅकब्रेनचा स्नेअर ड्रम लष्करी चालीत लांबून येतो, त्यावर गिटार सावकाश उलगडत जातात, कसलीच घाई नाही, आणि मग पूर्ण बँड उतरतो. पण माझा जीव खरा अडकतो तो मधल्या वादनात. गाणं थांबतं, ठेका बदलतो, दोन्ही गिटार एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून चालतात, मग एकेकीचा सोलो, आणि ते संपून परत शब्दांवर येईपर्यंत आपण कितीतरी मैल चालून आलोय असं वाटतं. शब्द नुसते विजय मोजतात, त्या विजयांसाठी माणसं किती चालली ते हे वादन सांगतं.

आता माझं मत सांगते, पटलं तर घ्या. हा अल्बम केला तेव्हा बँडच थकलेला होता. आधीच्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बमचा दौरा ऑगस्ट १९८४ पासून जवळपास वर्षभर चालला होता आणि त्यात सगळे पिळून निघाले होते, गायक ब्रूस डिकिन्सनने तर वेगळ्या, ॲकॉस्टिक वळणाची गाणी आणली होती ती घेतली नाहीत, त्यामुळे या अल्बमवर लेखक म्हणून त्याचं नाव एकाही गाण्यावर नाही. अशा वेळी लढून दमलेल्या सैन्याचं गाणं शेवटी येतं आणि 'मार्चिंग ऑन' म्हणताना ब्रूसचा आवाज जसा लागतो ना, ते मला निव्वळ इतिहास वाचून दाखवणं वाटत नाही.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवतो. गाण्यात म्हटलंय की सैन्य त्याच्या मागून भारतात यायला तयार झालं नाही. मग पोरस कुठे गेला? (नाशिक)

सर, तुमची शंका अगदी रास्त आहे. सैन्य आलं होतं. इ.स.पू. ३२६ मध्ये सिंधू ओलांडून झेलमच्या काठी पोरसशी लढाई झाली आणि ती अलेक्झांडरने जिंकली. नकार आला तो पुढे, बियासच्या काठावर. पावसाळ्याचे दिवस, अंगावरचे कपडे-हत्यारं खराब झालेली, घर सोडून आठ वर्षं झालेली आणि पुढे गंगेकडे मोठी राज्यं न् हत्तींची दलं आहेत अशा बातम्या. सैनिकांच्या वतीने कोइनस नावाचा सेनापती उभा राहून बोलला असं एरियन या प्राचीन इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि अलेक्झांडरला मागे फिरावं लागलं. म्हणजे गाण्यातली ओळ 'भारतात आणखी आत' अशी धरली तर जुळते, नाहीतर पंजाबचा सगळा भाग हॅरिसने गिळलाय.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीच असेल, गाण्यात मध्य आशियातल्या सिथियन लोकांचा पराभव आधी येतो आणि इजिप्त नंतर, प्रत्यक्षात इजिप्त इ.स.पू. ३३२ चं आणि सिथियनांशी जक्सार्टिस नदीवरची लढाई ३२९ ची. तरी मुलांना वर्गात ऐकवाच. गाणं ऐका आणि चुका शोधा असा गृहपाठ दिला तर पोरं स्वतःहून नकाशा उघडून बसतील. गॉर्डियनची गाठ, अर्बेलाची लढाई, पर्सेपोलिस ही इराणी राजधानी, शेवटी बॅबिलॉनमधला ताप, सगळं आहे त्यात.

प्रश्न : १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीला मेडनच्या कार्यक्रमाला मी होतो. दौऱ्याचं नावच 'समव्हेअर बॅक इन टाइम', मग हे गाणं का नाही वाजवलं? अजून सल आहे. (पुणे)

तुमचा सल समजतो, कारण त्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आपल्या मुंबईत होता, ब्रूस स्वतः बोइंग ७५७ चालवत बँड आणि सामान घेऊन आला होता आणि 'समव्हेअर इन टाइम'मधली 'वेस्टेड इयर्स' न् 'हेवन कॅन वेट' दोन्ही झाली. पण त्याच रात्री तेरा मिनिटांचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' पण वाजलं, आणि माझ्या मते खरी अडचण तीच. दोन तासांच्या कार्यक्रमात इतकी लांब गाणी एक-दोनच बसतात आणि 'अलेक्झांडर' दर वेळी रांगेत मागे राहायचं. अहो, १९८६-८७ च्या त्या अल्बमच्याच दौऱ्यातसुद्धा ते वाजलं नव्हतं.

शेवटी २८ मे २०२३ ला स्लोव्हेनियात, ल्युब्लियानाला, 'द फ्यूचर पास्ट' दौऱ्याच्या पहिल्याच रात्री ते पहिल्यांदा स्टेजवर आलं, जवळपास ३७ वर्षांनी. मी रेकॉर्डिंगवरच पाहिलं, पण तो सुरुवातीचा ड्रम वाजला तेव्हा लोक जे ओरडलेत ते ऐकून अंगावर काटा आला. आणि त्या ड्रमबद्दल एक सांगायलाच हवं. निको मॅकब्रेनला त्याच वर्षी जानेवारीत पक्षाघाताचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती. सत्तरी पार केलेला माणूस काही महिन्यांत परत उभा राहून हे गाणं वाजवतो, पुढे डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोच्या कार्यक्रमानंतर दौऱ्यांतून निवृत्त होतो. म्हणजे ज्याने मूळ रेकॉर्डवर वाजवलं त्याच्याच हातून ते स्टेजवर यायचं राहिलं नाही, याचा मला फार आनंद आहे. मुंबईत नाही झालं, खरंय, पण झालं.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, इलेक्ट्रिक गिटार शिकते आणि हेच गाणं बसवायचं म्हणते. त्या अल्बमवर गिटार सिंथेसायझर वापरलेत म्हणे, ते घ्यावे लागतील का? (कोल्हापूर)

नका घेऊ, एवढा खर्च कशाला. मेडनने सिंथ पहिल्यांदा याच अल्बमवर वापरले हे खरं, पण त्यांच्यामुळे आवाजाला नुसती झिलई येते, सूर तेच राहतात. साधं डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज खरखरीत करणारं) पुरे. आधी उजवा हात, म्हणजे मेडनची ती घोडदौड, एक लांब दोन आखूड असे स्ट्रोक, मेट्रोनोम (ठेका धरून देणारं यंत्र) लावून अगदी कमी वेगात, मनगट दुखायला लागलं की थांबायचं. सोलो शेवटी. आणि मधलं वादन एकटीने बसवलं तर निम्मंच वाटेल कारण तिथे दोन गिटार आहेत, तेव्हा क्लासमधलं कुणीतरी जोडीला लवकर शोधा, बेसवाला मिळाला तर फारच छान. बसवलं की आम्हाला कळवा.