तालुक्यातल्या दिव्यांगांच्या गरजांचा आणि राष्ट्रीय धोरणाच्या अंमलबजावणीचा आढावा कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी तालुक्याचा आढावा घ्यायचाय, पंचायत समितीकडून दिव्यांग लाभार्थ्यांची यादी मिळालीय, तीच धरून घरोघरी जावं का?

माझं स्पष्ट मत: त्या यादीपासून सुरुवात करू नका. ती दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालेल्यांची यादी आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर 2018) देशातल्या दिव्यांगांपैकी फक्त 28.8 टक्के लोकांकडे प्रमाणपत्र आढळलं होतं. यादी धरून गेलात तर ज्यांच्यापर्यंत धोरण पोचलंच नाही, नेमकी तीच माणसं सुटतील आणि अहवाल विनाकारण बरा दिसेल.

त्याऐवजी चार-पाच वस्त्या निवडा: रस्त्यालगतचं एखादं गाव, आडबाजूचं एखादं, एक तांडा किंवा पाडा, तालुक्याच्या गावातला एक वॉर्ड. प्रत्येक ठिकाणी सलग घरं घ्या. मिळून 500 कुटुंबं झाली तरी पुरे. ऊसतोडीला जाणाऱ्या भागात दिवाळीनंतर गेलात तर अर्ध्या घरांना कुलूप दिसेल, हे धरून तारखा ठरवा.

दारात उभं राहून "घरात कोणी दिव्यांग आहे का?" असं विचारू नका. मुलीचं लग्न अडेल म्हणून, वयामुळेच होतं असं वाटतं म्हणून किंवा मानसिक आजाराची लाज वाटते म्हणून लोक "नाही" म्हणतात. वॉशिंग्टन ग्रुपचे (दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न वापरा, ते याचसाठी आहेत. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? श्रवणयंत्र लावूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा लक्ष एकाग्र करायला? अंघोळ, कपडे घालणं अशी स्वतःची कामं करायला? आपल्या नेहमीच्या भाषेत बोलायला, दुसऱ्याला समजायला? प्रत्येकाला चारच उत्तरं: अजिबात अडचण नाही, थोडी, खूप, जमतच नाही. एका तरी प्रश्नाला "खूप" किंवा "जमतच नाही" आलं की ती व्यक्ती तुमच्या पुढच्या मुलाखतीत घ्यायची.

जनगणनेचे आणि तुमचे आकडे यामुळेच जुळणार नाहीत. 2011च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी, म्हणजे 2.21 टक्के दिव्यांग नोंदले गेले; जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा अंदाज 16 टक्के आहे. व्याख्या आणि प्रश्न वेगळे आहेत, त्यामुळे हे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडून तुलना करू नका.

या सहा प्रश्नांची एक मोठी उणीव ध्यानात ठेवा. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत आहेत, पण झटका आलेला नसताना माणूस चालतो, बोलतो, सगळं करतो. तो या चाळणीतून निसटतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत काम करत असाल तर सिकलसेलचा प्रश्न वेगळा जोडावाच लागेल. मानसिक आजारही बरेचदा सुटतात. पाच वर्षांखालच्या मुलांना हे प्रश्न लागू नाहीत. मुलांसाठी युनिसेफसोबत केलेली वेगळी प्रश्नावली आहे, ती वापरा.

मुलाखत त्या व्यक्तीचीच घ्या. सासू, भाऊ किंवा सरपंच शेजारी बसले की उत्तरं त्यांचीच येतात. मूकबधिर व्यक्तीसाठी दुभाषी आधी ठरवा. बाईंशी बाईनेच बोलावं. शौचालयापर्यंत जाता येतं का, पाळीच्या दिवसांत काय होतं, हे एरवी कळणारच नाही.

आता धोरण कशावर मोजायचं? राष्ट्रीय धोरण 2006 सालचं, कायद्याच्या दहा वर्षं आधीचं. त्यातल्या मोघम वाक्यांपेक्षा दिव्यांग हक्क कायदा, 2016 (19 एप्रिल 2017पासून लागू) हाताशी ठेवा, कारण त्यात मोजता येतील अशा गोष्टी आहेत: 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आणि उच्च शिक्षणात 5 टक्के आरक्षण, दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत 5 टक्के वाटा. कायदा आणि योजना कुठे एकमेकांशी जुळत नाहीत तेही बघा. कायद्याचे बहुतेक लाभ 40 टक्के दिव्यांगत्वापासून (ही टक्केवारी प्रमाणपत्रावर असते) सुरू होतात, पण केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला 80 टक्के लागतात. केंद्राचा वाटा 2012पासून महिना 300 रुपयेच आहे. मधली 40 ते 79 टक्क्यांची माणसं राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेवर अवलंबून असतात. हा अंमलबजावणीतला घोळ नव्हे, रचनेतलाच दोष आहे, आणि अहवालात तसंच लिहा.

प्रत्येक व्यक्तीच्या नोंदीत "मिळालं / नाही" एवढंच न लिहिता कुठे अडलं ते लिहा. प्रमाणपत्राचंच घ्या. अर्जच केला नाही? अर्ज केला पण तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी जिल्हा रुग्णालयात जायला गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरी परवडली नाही? गेले पण कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा बुद्ध्यांक तपासणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते? टक्केवारी 40च्या खाली आली? प्रत्येक कारणावरचा उपाय निराळा आहे. सरसकट "जनजागृती हवी" अशी शिफारस केली तर यातलं काहीच सुटत नाही.

उपकरणांचंही तसंच. वस्तू मागून डोळ्यांनी बघा. श्रवणयंत्र बहुधा कपाटात असतं, कारण त्याचे बटणासारखे सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतात आणि तालुक्याला मिळत नाहीत. मुलाचं कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) वर्षाभरात तोकडं होतं. एका हातात जोर नाही अशा माणसाला दोन्ही हातांनी ओढायची तीनचाकी दिलेली असते. सरकारी कागदावर हे तिघंही लाभार्थीच असतात.

इमारतींसाठी मोजपट्टी न्या: ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, बँक. रॅम्पचा उतार 1:12 हवा, म्हणजे जोतं 45 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब. दोन मीटरचा रॅम्प दिसला तर तो जवळपास 1:4.4 एवढा तीव्र आहे. व्हीलचेअर त्यावर एकट्याने चढत नाही, उतरताना उलटते. दार 900 मिलिमीटर रुंद आहे का आणि आत खुर्ची वळवायला 1500 मिलिमीटरची मोकळी जागा आहे का, तेही लिहा. आणि अपंगांच्या शौचालयाला कुलूप असेल तर चावी कोणाकडे ते विचारा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायची कायद्यातली पाच वर्षांची मुदत जून 2022मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024च्या राजीव रतुरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, त्याचा उल्लेख करा.

महाराष्ट्रात एक गोष्ट हमखास तपासावी: स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च केला का. ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न 8 लाख असेल तर तो 40,000 रुपये होतो. माहिती अधिकारात (शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस) तीन वर्षांचं स्वउत्पन्न, खर्च, शिल्लक, लाभार्थी निवडीचा ठराव आणि खरेदीच्या पावत्या मागा. पावत्यांच्या तारखा बघा. सगळ्या मार्चमधल्या आणि सगळ्यांना एकच वस्तू असेल, तर गरज विचारून खर्च झालेला नाही. अर्ज आधी टाका, मग गावात जा; उत्तर येईपर्यंत सर्वेक्षण होऊन जातं.

लिहिताना दोन कागद वेगळे ठेवा. अहवालात नावं नकोत. छोट्या वस्तीत "अंध, स्त्री, 30 वर्षं" एवढ्यानेही माणूस ओळखू येतो, म्हणून तिथले आकडे एकत्र करून द्या. दुसरी यादी नावांची, ज्यांना प्रमाणपत्र किंवा पेन्शन मिळवून देता येईल अशांची. ती त्यांची लेखी संमती घेऊनच जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात द्या आणि पोच घ्या.