राग गिळायचा की काढायचा?

प्रश्न : महाद्वार रोडवर आमचं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक चाळीस साड्या उघडायला लावतं आणि ‘बघू, येतो परत’ म्हणून निघून जातं. मी हसून निरोप देतो. रात्री घरी मात्र आमटीत मीठ कमी पडलं तरी भांडण. तालमीतले दोस्त म्हणतात, पोत्याला चार गुद्दे हाण, राग निघून जाईल. आठ-दहा महिने झोपही धड नाही. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी गुद्द्यांचं बघू. राग म्हणजे कुकरमधली वाफ नव्हे. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली चिडलेल्या माणसांना, ज्याच्यावर राग होता त्याला मनात आणून, पंचिंग बॅग बडवायला लावली. नुसते गप्प बसलेल्यांपेक्षा ही मंडळी जास्त चिडलेली निघाली. जोर-बैठका जरूर मारा, झोपेला मदतच होईल. फक्त पोत्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा चिकटवू नका.

हसून निरोप देण्यात चूक नाही, धंदाच तो. पण तोवर राग येऊन गेलेला असतो, तुम्ही आवरता तो फक्त चेहरा. आतली धडधड त्याने थांबत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांच्या १९९७ च्या प्रयोगात भावना दाबणाऱ्यांच्या हृदय-रक्तवाहिन्यांवरचा ताण उलट वाढला होता. तुमचं दिवसभर हेच, वर अपुरी झोप. आमटी निमित्त होते.

म्हणून हात घालायचा तो अर्थ लावताना. ‘मला मुद्दाम राबवलं’ हा एक अर्थ. ‘लग्नाचा बस्ता आहे, चार दुकानं फिरणारच’ हा दुसरा. तो तुम्हाला स्वतःला पटायला हवा. ‘मला काही फरक पडत नाही’ ही नुसती सारवासारव, मन ती मानत नाही. आणि डोकं तापल्यावर हे जमतच नाही, बहुतेकांचं तिथंच फसतं. अशा वेळी आधी उघडलेल्या साड्या काठाला काठ जुळवून घडी घाला. घालता घालता स्वतःला विचारा, हे नेमकं काय आहे? वैताग? अपमान? की आज गल्ला झाला नाही याची धास्ती? धास्ती निघाली तर भांडण गिऱ्हाइकाशी नाहीच, हिशेबाशी आहे.

दुकान वाढवल्यावर थेट घरी नको. रंकाळ्यावर पाच मिनिटं बसा. नाकाने ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास. घाईघाईने मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते. श्वास हळू हवा, मोठा नको. तिथं बसून दिवसाचा रवंथ मात्र करू नका. त्याचं नैराश्याशी जवळचं नातं आहे. दहा मिनिटांत ‘उद्या काय करायचं’ एवढं ठरलं नाही, तर तो विचार नव्हे, रवंथच.

झोपेचं दुखणं अंगावर काढू नका, आठ-दहा महिने फार झाले. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. सलग दोन आठवडे उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर उशीर नको. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आणि झोपेसाठी ‘थोडी’ घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते ती तिच्यामुळेच.