चावी देण्याआधी कौन्सिलकडे जा

प्रश्न: आम्ही दहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो आणि आम्हा दोघांना आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) मिळालेले आहे. ह्यांची नोकरी गेल्यापासून दोन महिन्यांचे भाडे थकले आहे. घरमालक आपल्याकडचेच आहेत. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले आहे की, कोर्टकचेरी नको असेल तर महिनाअखेर चावी आणून द्या. मुले नऊ आणि पाच वर्षांची आहेत. पुण्यात सिंहगड रस्त्याला आमचा एक फ्लॅट आहे, पण तो भाड्याने दिलेला आहे. कौन्सिलकडे (इथल्या नगरपालिकेकडे) मदत मागणे ह्यांना कमीपणाचे वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर: ताई, महिनाअखेर चावी देऊ नका. हे सर्वांत आधी लिहिते आहे, कारण बाकीचे सारे यावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा एक ठरलेला क्रम आहे: आधी विहित नमुन्यातली लेखी नोटीस, मग कोर्टाचा आदेश आणि तरीही घर रिकामे झाले नाही, तर घराचा ताबा घेणारे कोर्टाचे कर्मचारी, म्हणजे बेलिफ. यांतली एकही पायरी व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपाने पूर्ण होत नाही. १ मे २०२६ पासून तर खाजगी घरमालकाला कारण न देता नोटीस बजावता येत नाही. भाडे थकले या कारणासाठी किमान चार आठवड्यांची मुदत द्यावी लागते, आणि नोटिशीच्या दिवशी व सुनावणीच्या दिवशीही तीन महिन्यांचे भाडे थकलेले असेल, तरच कोर्टाला ताबा देण्याचा आदेश काढावाच लागतो. थकबाकी त्याहून कमी असेल, तर तुमची परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची मुभा न्यायाधीशांना असते. म्हणून जमेल तेवढे भाडे, अर्धे का होईना, बँकेतूनच भरत राहा आणि थकबाकी तीन महिन्यांच्या आत ठेवा. घरमालकाने परस्पर कुलूप बदलले किंवा सामान बाहेर काढले, तर १९७७ च्या कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. तसे झाल्यास त्याच दिवशी कौन्सिलला आणि पोलिसांना कळवा.

चावी न देण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्या घरात राहण्याचा हक्क होता ते तुम्ही आपणहून सोडले, असे कौन्सिलला दिसले तर ती तुम्हाला ‘इंटेन्शनली होमलेस’, म्हणजे जाणूनबुजून बेघर झालेले, ठरवू शकते. तसा शिक्का बसला की दीर्घ मुदतीच्या घराची सोय लावण्याची मुख्य जबाबदारी कौन्सिलवर राहत नाही. ओळखीच्या घरमालकाशी वाईटपणा नको, म्हणून सभ्यपणाने चावी देऊन मोकळी झालेली माणसे नेमकी इथे अडकतात. त्यांचा तो चांगुलपणा कागदावर त्यांच्याच विरुद्ध जातो, याचे मला फार वाईट वाटते.

आता कौन्सिलकडे केव्हा जायचे ते पाहू. ३ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, पुढच्या ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असेल, तर ते वाचवण्यासाठी किंवा दुसरे मिळवून देण्यासाठी कौन्सिलने वाजवी पावले उचलली पाहिजेत. तुम्हाला अजून नोटीस मिळालेली नाही, त्यामुळे तुम्ही त्या मुदतीत बसत नाही असे कदाचित सांगितले जाईल. तरीही जा. सल्ला आणि माहिती मोफत देणे हे कौन्सिलचे कर्तव्यच आहे, आणि घरमालकाशी बोलून थकबाकीचे हप्ते बांधून देण्यासारखी मदत सुरुवातीलाच सोपी असते. ईमेल करून ती जपून ठेवा. त्यात ‘आम्हाला होमलेसनेस अ‍ॅप्लिकेशन करायचे आहे’ असे स्पष्ट लिहा, कारण नुसते ‘घर हवे आहे’ म्हटले तर बहुधा हाउसिंग रजिस्टरचा ऑनलाइन फॉर्म हाती येतो. ती कौन्सिलच्या घरांची प्रतीक्षायादी आहे. बेघरपणाचा अर्ज तिच्याहून पूर्णपणे वेगळा आहे.

मुलाखतीला जाताना पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड (तुमची परवानगी ऑनलाइन दाखवणारा क्रमांक), भाडेकरार, मुलांचे जन्मदाखले, पी-४५ (नोकरी सुटताना मिळणारा कराचा कागद) आणि सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स बरोबर ठेवा. मराठी दुभाषी हवा असेल तर तो आधीच मागून घ्या. मुलांना दुभाषी करू नका.

पुण्याच्या फ्लॅटचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या लोकांचा पाय इथेच अडखळतो. मागे मी एका कुटुंबाबरोबर अशा मुलाखतीला बसले होते. अधिकारी बाई शांतपणे स्टेटमेंट वाचत होत्या. दर महिन्याच्या पाच तारखेला भारतात जाणाऱ्या एका रकमेवर त्यांनी बोट ठेवले आणि ती कसली, असे विचारले. नवरा गप्प झाला. बायकोने सांगितले की, हा फ्लॅटचा हप्ता आहे. पुढचा अर्धा तास त्या एकाच ओळीवर गेला.

यामागे बेघरपणाच्या कायद्यातली एक व्याख्या आहे. ज्याला युनायटेड किंग्डममध्ये ‘किंवा इतरत्र’ राहण्याजोगे घर उपलब्ध नाही, तोच माणूस बेघर मानला जातो. त्या ‘इतरत्र’मध्ये पुणेही येते. याचा अर्थ फ्लॅट आहे म्हणून तुमचा हक्क संपला, असा नाही. त्यात भाडेकरू राहत असेल तर तो तुम्हाला आज उपलब्ध नाही, आणि मुलांची शाळा व आयुष्य इथे असताना तिथे जाऊन राहणे वाजवी आहे का, याचाही विचार व्हावा लागतो. पण हे कागदांनी दाखवावे लागेल: नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्सचा करार, जमा होणारे भाडे, कर्जाचा हप्ता. फ्लॅट लपवणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय इथले भाडे थकलेले असताना तिथला हप्ता नियमित जात होता, असे दिसले तर ‘इंटेन्शनली’चा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्या फ्लॅटच्या भाड्यातून हप्ता भागत असेल तर तसे आकड्यांनिशी लिहून न्या. भागत नसेल तर बँकेशी आजच बोला. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीचा सरकारी भत्ता) घेत असाल किंवा घेणार असाल, तर तिथेही हा फ्लॅट सांगावा लागतो, कारण १६,००० पौंडांपेक्षा जास्त भांडवल असल्यास ते मिळत नाही आणि परदेशातली मालमत्ताही भांडवलात मोजली जाते.

मुले लहान असल्यामुळे तुम्ही ‘प्रायॉरिटी नीड’मध्ये, म्हणजे प्राधान्याने मदत मिळणाऱ्यांत, येता. प्रत्यक्ष बेघर होण्याची वेळ आलीच, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत कौन्सिलने तात्पुरती जागा दिली पाहिजे. ती दुसऱ्या गावात असू शकते. मुले असलेल्या कुटुंबाला सामायिक स्वयंपाकघर-न्हाणीघराच्या बी अँड बीमध्ये (लॉजसारख्या तात्पुरत्या निवासात) सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. जागा पसंत नसली तरी सल्ला घेतल्याशिवाय नाकारू नका. निर्णय विरुद्ध गेला तर २१ दिवसांत फेरविचार मागता येतो.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. स्किल्ड वर्कर, विद्यार्थी आणि त्यांच्या डिपेंडंट व्हिसावर सहसा ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घ्यायची नाही, अशी अट असते, आणि बेघरपणासाठी मिळणारे घर त्या ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडते. असा अर्ज व्हिसाची अट मोडू शकतो, म्हणून आधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारावे. मात्र घरात लहान मूल असेल, तर १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम १७ खाली कौन्सिलच्या मुलांच्या विभागाकडे मदत मागता येते; ती ‘पब्लिक फंड्स’मध्ये धरली जात नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बहिणींनी मारहाण, कोंडून ठेवणे किंवा पैशांची अडवणूक निमूट सोसू नये. छळामुळे संसार मोडला असेल, तर तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी मागता येते आणि त्या काळात सरकारी मदत घेता येते. पण ती परवानगी मिळाली की आधीचा व्हिसा संपतो, म्हणून अर्जापूर्वी सल्ला घ्यावा. छळाविरुद्ध मदतीसाठी ०८०८ २००० २४७ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

ताई, यजमानांना माझ्या वतीने एवढे सांगा की, इतकी वर्षे इथे कर भरलेल्या माणसाने कायद्याने दिलेली मदत मागण्यात कमीपणा नाही. मुलाखतीला दोघांनी मिळून जा. घरमालकांना आज संध्याकाळीच नम्रपणे लिहून कळवा: ‘आम्ही कौन्सिलचा सल्ला घेत आहोत, थकबाकी हप्त्यांनी फेडण्याची आमची तयारी आहे, आणि कायदेशीर प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत आम्ही इथेच राहणार आहोत.’ कोर्टाची तारीख लागलीच, तर तिथे घर वाचवण्यासाठी सरकारी खर्चाने मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्याआधी काही अडले तर घरांविषयी सल्ला देणाऱ्या शेल्टर या संस्थेच्या ०८०८ ८०० ४४४४ या मोफत क्रमांकावर फोन करा, आणि फोन करताना भाडेकरार समोर उघडून ठेवा.