मुलीला सगळं दिसतं, मग डोळ्यात मोतीबिंदू कसा?

परवा एका ताईंचा मेसेज आला. अंगणवाडीत तपासणीची टीम आली होती, त्यांच्या साडेतीन वर्षांच्या मुलीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असू शकतो म्हणून चिठ्ठी देऊन गेली. आता ताईंचं म्हणणं असं की पोरीला तर सगळं दिसतं, मोबाईलवर कार्टून बघते, फरशीवर सांडलेले पोहे एकेक करून वेचते, आणि घरचे म्हणतात मोतीबिंदू म्हाताऱ्या माणसांना होतो, शाळेत जायला लागली की बघू. तर थांबू का मॅडम?

नाही ताई, थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. का ते सांगायला मला विटाव्याचं एक कुटुंब आठवतं (ओळख पटेल असं काही लिहीत नाहीये). मी ठाण्यात डोळ्यांच्या विभागात समुपदेशनाचं काम करते.

ती मुलगी चार वर्षांची. तिलाही अशीच अंगणवाडीतून चिठ्ठी मिळालेली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. ही योजना २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरलाच सुरू झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि जन्मजात मोतीबिंदू त्यांच्या यादीत पहिल्यापासून आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते आणि पुढचे उपचार फुकट. त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न आजोबांचा होता. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं, ते म्हणाले माझा पिकल्यावर काढला, हिचाही पिकू दे की, एवढ्याशा जिवाला भूल कशाला.

आणि इथे चूक माझी झाली. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं, ॲम्ब्लायोपिया (आळशी डोळा) काय, फॉलोअप काय, पट्टी काय, समोरची माणसं नुसती मान हलवत होती आणि मला वाटलं समजलं. ते गेले ते पाच महिन्यांनी आले. मधल्या काळात कोणीतरी दिलेले मोतीबिंदू विरघळवणारे ड्रॉप घालत होते. ताई, असे ड्रॉप नसतात हो, मोठ्यांसाठी नाही आणि लहानांसाठीही नाही.

दुसऱ्या वेळी मी काही बोललेच नाही. मुलगी आईच्या मांडीवर बिस्कीट खात होती, मी हळूच तिचा डावा डोळा तळहाताने झाकला, तिला पत्ताही नाही, खात राहिली. मग उजवा झाकला तर मान झटकली, माझा हात ओरबाडला, रडायलाच लागली. आजोबा खुर्चीतून उठून जवळ आले, म्हणाले परत करा बघू. परत केलं, परत तेच. पोर इतके दिवस एकाच डोळ्यावर चालत होती आणि दुसरा चांगला असल्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. पोहे वेचायला एक डोळा पुरतो ताई. (घरी हे करून बघा, पण मुलगी रडली नाही म्हणून तपासणी रद्द करू नका.)

मग आजोबांना सांगितलं की तुमच्या मेंदूला बघायची सवय साठ वर्षांची होती, मधे पडदा आला, तो काढला, झालं. लहान मुलाचा मेंदू बघायला अजून शिकतोय, एका डोळ्याकडून अंधुकच येत असेल तर तो त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडून देतो, आणि मग नंतर कितीही छान लेन्स बसवा. मुलीचे वडील रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, ते पटकन म्हणाले, म्हणजे बल्ब नवा पण आत वायरिंगच केलेलं नाही. माझ्या पाच महिन्यांपूर्वीच्या भाषणापेक्षा हे एक वाक्य भारी होतं, तेव्हापासून मी हेच वापरते. बाळ जन्मतःच दाट मोतीबिंदू घेऊन आलं तर डॉक्टर साधारण ६ ते ८ आठवड्यांतच ऑपरेशन करायचं बघतात, ते याचसाठी.

सगळे बाहेर गेल्यावर आई मागे थांबली. हळू आवाजात म्हणाली, ग्रहणात मी भाजी चिरली होती, सासूबाई म्हणतात त्यानेच झालं. ग्रहणाचा काही संबंध नाही. गरोदरपणात रुबेला होणं, घराण्यातून येणं, मार लागणं, अशी कारणं असतात, आणि एकाच डोळ्यात असेल तर कित्येकदा कारण सापडतच नाही. हे मी मुद्दाम सासूबाईंना आत बोलावून परत सांगितलं. ऑपरेशनपेक्षा या बाईला हेच जास्त हवं होतं असं मला वाटलं.

ऑपरेशन झालं, लेन्स बसली, चष्मा लागला. आणि खरं काम नंतर सुरू झालं, चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, किती तास ते डॉक्टर ठरवतात. पोरगी पट्टी ओढून काढायची, एकदा तर खिडकीतून फेकली. खोटं सांगत नाही, तो डोळा दुसऱ्याच्या बरोबरीला आलेला नाही, पण तक्त्यावरच्या काही ओळी वाचते आता, आधी समोरची बोटंही मोजता येत नव्हती.

ताई, जाताना चिठ्ठी घ्या, आणि मोबाईलमधले फ्लॅशचे जुने फोटो चाळून बघा, एक बाहुली लालसर आणि एक पांढरी दिसते का. तशी दिसली तर आठवडाही नको, उद्याच जा, कारण तो पांढरेपणा कधी कधी डोळ्यातल्या कॅन्सरचाही असतो.

त्या घरात मागच्या वर्षी मुलगा झाला. तीन आठवड्यांचं बाळ दुपट्यात गुंडाळून आजोबा स्वतः घेऊन आले, याचंही बघून घ्या म्हणाले. बाळ गाढ झोपलेलं. आईला म्हटलं जरा दूध पाजा, आपोआप डोळे उघडेल. उघडले, डॉक्टरांनी उजेड टाकला, दोन्ही बाहुल्या सारख्याच लाल चमकल्या. आजोबा म्हणाले, परत करा बघू.